प्रकरण सात, हरकत नाही

"दूध तरी प्यायचं नव्हतं हो तुम्ही," खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात म्हणाल्या, आणि तपासनीस एक पाय वरच्या पायरीवर नि एक खालच्या पायरीवर असा, धड चढणारा नाही नि धड उतरणारा नाही, तसाच उभा राहिला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, खांद्याला ऑफिसची पिशवी होती, डोक्यात आज कोणतं बाड आधी उघडायचं एवढाच विचार होता. दूध कुठलं? नर्सबाई म्हणजे काही वेड्यावाकड्या बोलणाऱ्या बाई नव्हेत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बोलणं इंजेक्शनसारखं, एकदाच आणि नेमकं. "कसलं दूध, बाई?" त्यानं विचारलं. "आता ते मी तुम्हाला सांगायचं का? छापलंय की ठकूनं. पान एकशे तीन." त्यांनी काखेतलं पुस्तक वर करून दाखवलं. मुखपृष्ठावर एक बंद दार, दाराखाली उजेडाची एक रेघ आणि वर त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव, लग्नानंतरच्या आडनावासकट. "दुकान घातलंय, घड्याळं घातलीयेत, आईंच्या जागी वडील केलेत. पण तो चमचा मी विसरेन होय? तीन ठोके, मग थांबायचं, मग दोन. तीन वर्षं ऐकलाय मी तो डोक्यावर. कुलपाचं मी समजू शकते. माणूस एकटा, नोकरी, करणार काय. पण आजारी माणसाच्या वाट्याचं दूध..." वाक्य पुरं न करता त्या भिंतीला लागून खाली उतरल्या. वाट देण्यासाठी माणूस भिंतीला लागतो तशा नव्हे. अंतर ठेवण्यासाठी लागतो तशा.

आता हा तपासनीस कसला, तर पुस्तकांचा. शहरात एक वकील होते, वर्तमानपत्रांचे आणि प्रकाशकांचे. त्यांच्या ऑफिसात मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून हा सव्वीस वर्षं बसला होता. छापायला जाण्याआधी पुस्तकं त्याच्याकडे यायची, आणि कुठल्या ओळीवरून कोण चवताळून कोर्टात जाईल हे तो पेन्सिलीनं दाखवायचा. तीनशे चोपन्न पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली, आणि वकीलसाहेब पाहुण्यांना सांगायचे की त्यातल्या एकाही पुस्तकाला आजवर वकील करावा लागला नाही, इतका हा माणूस आमच्या पोटावर पाय देतो. त्याच्या दोन युक्त्या ऑफिसच्या चालीरीतीच होऊन बसल्या होत्या. एक म्हणजे पट्टी. बाड टेबलावर यायच्या आधी बाहेरची टंकलेखिका लेखकाच्या नावावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायची, कारण नाव मोठं असलं की पेन्सिल बिचकते, ओळखीचं असलं की विरघळते. दुसरी युक्ती म्हणजे 'तीन बदल, एक काळं'. खऱ्या माणसाचा धंदा बदला, नातं बदला, घर बदला. एवढं करूनही भीती वाटली तर त्याला एखादी अशी हलकी, लाजिरवाणी खोड चिकटवा की 'हा मीच' म्हणून पुढे यायची कुणाची छाती होऊ नये. एकदा एक कारखानदार कादंबरी काखेत मारून तणतणत आला होता, खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "पान ब्याण्णववरचा माणूस मीच आहे!" वकीलसाहेबांनी चष्मा लावला, पान काढलं आणि फार आदरानं विचारलं, "म्हणजे पन्नाशीतही अंथरूण ओलं करणारे गृहस्थ, ते आपणच?" कारखानदार जो गेला तो पुस्तक तिथेच विसरून गेला. ते पुस्तक अजून कपाटात आहे, आणि दर वेळी सांगताना वकीलसाहेब त्या कारखानदाराचं पोट दोन इंचांनी वाढवतात.

ऑफिसच्या कपाटात छापून आलेल्या पुस्तकांची एकेक प्रत यायची. तपासनीस त्या कधी उघडत नसे. स्वयंपाक करणाऱ्याला वासानंच पोट भरल्यासारखं होतं, तसं त्याचं छापील पुस्तकांच्या बाबतीत व्हायचं. त्या दिवशी त्यानं पिशवीही खाली न ठेवता ठकूचं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्या पान एकशे तीन उघडलं. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस. म्हातारपणी सगळं विसरत चाललेले त्याचे वडील. दुकानावरच्या खोलीत तो त्यांना कोंडून खाली कामाला जातो, कारण एकदा ते रस्त्यावर उतरून, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून आपलं घर कुठे म्हणून विचारत होते. आतून चमचा दारावर वाजतो. तीन ठोके, थांबणं, दोन ठोके. खाली घड्याळांच्या टिकटिकीत त्याला तो ऐकू येतो आणि येतही नाही. डॉक्टरांनी म्हाताऱ्यासाठी लावून दिलेलं दूध हा रोज जिन्यात उभा राहून पिऊन टाकतो आणि रिकामा पेला विसळून वर नेतो. एक दिवस दुपारी येणारी बाई येत नाही, आणि ह्याला यायला रात्र होते. तो जिना चढतो. चमच्याचा आवाज नाही. तो कुलूप काढतो, दार उघडतो, आणि तिथे प्रकरण संपतं. वाचता वाचता त्याच्या तळहातांना घाम आला, पण तो वाचण्याचा घाम नव्हता. तो त्या कुलपाचा होता. पितळी, थोडं अडकणारं, किल्ली आधी किंचित उलटी फिरवावी लागायची. सकाळी पावणेदहाला तो ते लावायचा आणि लावताना दर वेळी खोकायचा, म्हणजे आतल्या आईला लावण्याचा आवाज जाऊ नये. ती तेव्हा अजून अधूनमधून त्याला ओळखायची. "लवकर ये रे," असं कधी म्हणायची आणि कधी "आपण कोण?" असं विचारायची, आणि कुठल्या दिवशी काय म्हणणार हे पेल्यातल्या दुधावरच्या सायीसारखं असायचं, आज धरेल, उद्या नाही. नऊ वर्षं. त्यातली शेवटची तीन कुलपाची. त्या तीन वर्षांत खालच्या मजल्यावर चमच्याचे ठोके मोजणारा एक कान होता, हे त्याला आज कळत होतं. मोजले, लक्षात ठेवले, आणि एक जिना चढून कधी वर यावंसं वाटलं नाही. दुधाचा राग मात्र आला.

ही गोष्ट त्यानं जन्मात एकाच माणसाला सांगितली होती. आई गेल्यावर आठवडाभरानं ठकू डबे घासत होती, तो पुसत होता, आणि अचानक त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं होतं. कुलूप, खोकला, चमचा, तो उशीर. दार उघडल्याचं सांगितलं आणि मग तो गप्प झाला होता. ठकूनंही विचारलं नव्हतं. ओल्या हातानं तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं, सदऱ्याला साबणाचा पंजा उमटला, आणि त्याला वाटलं होतं, झालं, आता हे दोघांत वाटलं गेलं, आता माझ्या वाट्याला निम्मंच. त्या पंजाच्या जिवावर त्यानं सहा वर्षं काढली होती. आणि ती हे असं उचलून घेऊन गेली, दुकानाचं रंगकाम करून बाजारात मांडलं. माणसाला घरफोडीचा राग येतो तो वस्तू गेल्याचा नसतो. कुठला कप्पा कसा उघडतो हे चोराला आधीच माहीत होतं, ह्याचा असतो.

पण खरी गंमत, गंमत म्हणायची तर, पुढेच होती. फाइलींच्या कपाटात प्रत्येक पुस्तकावर त्यानं दिलेला अभिप्राय असायचा. त्यानं ह्या पुस्तकाची फाइल काढली. पाच महिन्यांपूर्वीची तारीख. पहिल्या पानावर खाकी पट्टी. आणि आत, त्याच्याच ठसठशीत अक्षरात: 'प्रकरण सात. मूळ व्यक्ती कोण हे ओळखू येण्यासारखे नाही. तरीही मुलाच्या वागण्यावरून कुणी हरकत घेऊ नये म्हणून त्यास एखादी हलकी खोड द्यावी. उदा. वडिलांसाठी लावलेले दूध स्वतः पितो. एवढे केल्यास प्रकरण सात, हरकत नाही.' खाली सही. त्यानं ते तीनदा वाचलं. दूध त्याचं होतं. कुलूप आईचं आणि त्याचं, चमचा आईचा, शब्द ठकूचे, पण दूध निखळ त्याचं, सहीसकट.

आपण हे वाचलं आणि आपल्याला कळलं नाही? तो खुर्चीत बसला आणि स्वतःच्या आत उतरून त्या दिवसाला शोधू लागला. मे महिना असावा. पंखा बंद होता. त्या बाडाच्या सातव्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीची एक खूण खूप खोल होती, टोक मोडल्याचा चुरा अजून कागदाच्या घडीत होता. आपण दोन पेले पाणी प्यालो होतो आणि टंकलेखिकेला म्हणालो होतो, "ऊन फार आहे." म्हणजे कळलं होतं की नव्हतं? सव्वीस वर्षं तो पुस्तकं वाचत नव्हता, हे त्याला आत्ता उमगलं. तो फक्त कोण दुखावेल एवढंच बघत होता, आणि दुखावणाऱ्यांच्या यादीत त्यानं स्वतःला कधी धरलंच नव्हतं. मग दूधच का सुचलं? हजार खोडी होत्या. अंथरूण होतं, उष्टं खाणं होतं, खोट्या शपथा होत्या. लहानपणी आई आपल्या वाटणीचं दूध त्याच्या पेल्यात ओतायची आणि म्हणायची, मला वास येतो रे दुधाचा. आजारपणात डॉक्टरांनी दूध लावलं तेव्हा तिनं पहिला पेला दोन घोटांत संपवला आणि ओठ चाटले. वास-बिस काही येत नव्हता तिला. तेव्हा हा स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला होता. हे त्यानं ठकूलाही सांगितलं नव्हतं. आणि पेन्सिलीनं मात्र सांगून टाकलं.

वकीलसाहेब अकरा वाजता आले. "बस. चेहरा असा का? कोण गेलं?"

"साहेब, नोटीस काढायची आहे. एका पुस्तकावर."

"कुणाच्या वतीनं?"

"माझ्या."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल वाचली, आणि मग असे हसले की बाहेर टंकलेखिकेचं यंत्र थांबलं. "अरे, तीनशे चोपन्न पुस्तकं वाचवलीस आणि शेवटी बुडालास तो स्वतःच्या औषधानं! ऐक. बदनामी म्हणायची तर तो घड्याळवाला म्हणजे तूच, हे आधी सिद्ध करायला हवं. कशानं करशील? चमच्यानं. म्हणजे भर कोर्टात उभं राहून सांगायचं, न्यायमूर्ती महाराज, कुलूप मीच लावत होतो, चमचा माझीच आई वाजवत होती, फक्त दूध तेवढं मी प्यायलो नाही. जेवढं खरं आहे तेवढं कबूल केल्याशिवाय खोट्याला हात लावता येणार नाही. आणि खोट्याला हात लावलास की समोरचा वकील विचारणार, दूध आलं कुठून? मग ही फाइल निघेल. समोरचा वकील म्हणजे मीच की रे, प्रकाशक आपला आहे!"

"दुधाचं राहू द्या," तपासनीस म्हणाला. "जे खरं आहे त्याचं काय? ते माझं खासगी होतं. माझ्या घरातलं, बंद दाराआडचं."

साहेबांचं हसू हळूहळू उतरलं. "खासगी आहेच. पण एकट्या तुझं? दारामागे जी होती ती तिचीही आई. लिहू नको असं तिला कुठल्या तोंडानं सांगू? जन्मभर मी एवढंच करत आलोय, की लिहिणाऱ्याचा हात कुणी धरू नये. आणि समोरच्या माणसांची समजूत तूच घालत आलास, ह्याच खुर्चीत बसवून."

त्याच खुर्चीत बसून त्याला एक बाई आठवली. नवऱ्यानं आठवणी लिहिल्या होत्या, त्यांत बायकोच्या वेड्या भावाबद्दल एक पान होतं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. तपासनीसानं तिला पाणी दिलं होतं, लेखकाचा हक्क, समाजाचं हित वगैरे मऊ आवाजात समजावलं होतं आणि सांगितलं होतं, "निश्चिंत राहा बाई, कुणीसुद्धा ओळखणार नाही." ती पेल्याकडे बघत म्हणाली होती, "मी ओळखते की." त्या दिवशीच्या नोंदवहीत त्यानं लिहिलं होतं, 'समजूत काढली.' चार वाजता त्याला चहा लागायचा तसा त्या दिवशीही लागला होता.

ठकू रविवारी सकाळी आली. तीन दिवस त्यानं तिचा फोन उचलला नव्हता, म्हणून सहा तासांचा प्रवास करून आली. हातात पिशवी, केस विस्कटलेले, आणि दारातच, "दादा, जीव घाबरा केलास माझा! फोन का उचलत नाहीस?"

"पान एकशे तीन वाचत होतो."

"आत्ता? तू तर पाच महिन्यांपूर्वीच वाचलंस ना?"

"नावावर पट्टी असते," तो म्हणाला. "कुणाचं बाड आहे हे मला दिसत नाही."

ठकू आईच्या खाटेवर बसली. म्हणजे खाटेवर पडली असं म्हटलं तरी चालेल, पिशवी तिच्याबरोबरच खाली आली. "म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं? अरे, मी प्रकाशकाच्या मागे लागून तुमच्याच ऑफिसात पाठवायला लावलं. म्हटलं, दादा वाचेल. नको वाटलं तर खोडून टाकेल, त्याच्या हातात लाल-निळी पेन्सिल आहे. मग तुझा कागद आला, हरकत नाही. मी तो उशीखाली घेऊन झोपले रे. आणि ते दूध वाचलं तेव्हा तर मला वाटलं, दादा स्वतःला शिक्षा करून घेतोय. मला घालायचं नव्हतं ते. पण तुझा शब्द मोडवेना. नंतर मी फोनवर विचारलंही तुला, सगळं ठीक ना? तू म्हणालास, ठीक आहे."

"मला वाटलं तब्येतीचं विचारतेस."

दोघंही हसू शकले असते. आणखी कुणाची गोष्ट असती तर हसलेही असते, आणि ठकू हसायला लागली की तिला उचकी लागते, मग पाणी, मग पुन्हा हसणं. पण तो म्हणाला, "तोंडानं विचारायचं होतंस."

"तोंडानं विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून तर," ठकू म्हणाली.

हे दोन शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारले की ते आत कुठे जाऊन बसले हे कळायलाच त्याला वेळ लागला. म्हणजे ठाऊक होतं. नको म्हणेल हे ठाऊक होतं, आणि म्हणून तिनं प्रश्न अशा रस्त्यानं पाठवला की उत्तराला 'हो' व्हायची एक फट राहावी. पट्टीनं फसवलं नव्हतं, पट्टी बिचारी खाकी कागदाची. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं, धप्प, धप्प, आणि प्रत्येक आवाजाबरोबर धुळीचा एक ढग उठून उन्हात तरंगत होता. ठकू बोलतच होती. "लोक मला विचारतात, तुझ्या भावानं नऊ वर्षं केलं, तू कुठे होतीस? मी त्यातच आहे दादा. ती लांब राहणारी मुलगी, पत्रं पाठवते, स्वेटर पाठवते, येत मात्र नाही. तिच्यावर मी तुझ्यापेक्षा जास्त लिहिलंय. ते वाचलं नाहीस?" वाचलं होतं. त्या पात्रावर त्यानं पेन्सिलीनं एक छोटी बरोबरची खूण केली होती, म्हणजे ह्या बाईपासून कुणाला धोका नाही. "मला आई कुणाला तरी सांगायचीच होती रे. माझ्याकडे तिची शेवटची वर्षं नव्हती. तुझ्याकडे होती. तू दिलीस तेवढीच माझी." ती खोटं बोलत नव्हती. हीच तर पंचाईत होती. खोटं बोलत असती तर त्याला जागा तरी सापडली असती बोट ठेवायला.

"दूध काढते मी," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरी आवृत्ती निघतेय, पंधरवड्यात मजकूर द्यायचाय. दूध काढते. नर्सबाईंना मी आत्ता खाली जाऊन सांगते की ते खोटं होतं."

"आणि बाकीचं खरं होतं, हेही सांगशील?"

ठकू अर्धवट उठली होती, ती पुन्हा खाटेवर बसली. मग, अगदी लहानपणी अंधारात विचारायची त्या आवाजात, तिनं विचारलं, "दादा, दार उघडल्यावर आई काय म्हणाली रे? तू त्या दिवशी तिथेच थांबला होतास. मी कधी विचारलं नाही."

तिच्या हातात पेन नव्हतं, वही नव्हती. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. ती किंचित पुढे झुकली होती आणि श्वास अडवून बसली होती. तपासनीस तिच्याकडे बघत राहिला. विचारतेय कोण? सहा वर्षं त्यानं ती एक गोष्ट नेमकी हिच्यासाठी जपली होती, एखाद्या दिवशी, डबे घासता घासता, उरलेलं निम्मं हिच्या ओंजळीत टाकावं म्हणून. दार उघडलं तेव्हा आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, चमचा मुठीत, लुगडं ओलं. आणि तिनं ह्याच्याकडे वर पाहून, हात जोडून, फार अदबीनं म्हटलं होतं, "साहेब, आता सोडा ना मला. माझा मुलगा घरी वाट बघत असेल. मी गेल्याशिवाय जेवत नाही तो." आता जिभेवर तेच आलं होतं. 'साहेब' हा शब्द तर जवळजवळ बाहेर पडला होता. पण ठकूच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, दुःखाच्या आतून डोकावणारं, ओळखीचं, तीनशे चोपन्न बाडांच्या मागे बसलेल्या माणसांचं. की नव्हतं? कदाचित नव्हतं. कदाचित ती नुसती आईची मुलगी होती त्या क्षणी, दुसरी कुणी नाही. पण हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं, ह्या प्रश्नाच्या वेळी नाही आणि पुढच्या कुठल्याच प्रश्नाच्या वेळी नाही.

"हसली," तो म्हणाला. "मला बघून हसली. म्हणाली, आलास? हातपाय धू, गरम आहे तोवर जेवून घे."

"ओळखलं तुला?" ठकूचा आवाज फाटला. "दादा, ओळखलं तिनं?"

"ओळखलं म्हणजे? नावानं हाक मारली. लहानपणीच्या."

"खरंच?"

"तुझी शप्पथ," तो म्हणाला, आणि आपण न अडखळता, न खोकता एवढं बोलून गेलो ह्याचा त्यालाच धाक वाटला. ठकूच्या डोळ्यांतून धार लागली होती. ती तोंडावर पदर घेऊन रडत होती, हसत होती, आणि पदराच्या काठावरून त्याला तिचे ओठ दिसत होते. ते आवाज न करता हलत होते. आलास, हातपाय धू, गरम आहे तोवर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, एकही शब्द सांडू नये म्हणून.